मामांची येझदी

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी चौथीच्या वर्गात मी एक खेळ घेतला. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, "मोठेपणी मी कोणती गाडी घेणार?" नाव लिहायचं नाही, नुसती गाडी. चिठ्ठ्या उघडल्या तर काय! अकरा थार, सात बुलेट, चार जेसीबी, एक विमान (तेही गाडीतच धरलं आम्ही), आणि एका चिठ्ठीवर लिहिलेलं, "बाबांची विकलेली लूना." ती चिठ्ठी मी घडी घालून पर्समध्ये ठेवली. कुणाची आहे ते अक्षरावरून कळलंच होतं, पण विचारलं नाही.

तुमच्याही मनात एखादी गाडी असेलच. ती रस्त्यानं गेली की तुम्ही खेळ सोडून बघत राहता, पार वळणाआड जाईपर्यंत. मोठ्या माणसांनाही तुमच्या वयात अशी एक गाडी होती, बरं का! बहुतेकांची ती घ्यायची राहून गेली. काहींनी मात्र ती घेतलीच, अगदी केस पिकल्यावर. आज अशाच माणसांबद्दल सांगते.

सुरुवात सगळ्यांच्या ओळखीच्या माणसापासून करू. सचिन तेंडुलकर लहानपणी वांद्र्याला साहित्य सहवासात राहायचा. वडील मराठीचे प्राध्यापक. घराजवळ एक 'ड्राइव्ह-इन' चित्रपटगृह होतं, म्हणजे आपली गाडी आत न्यायची आणि गाडीत बसूनच मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा. सचिन आणि त्याचा भाऊ तासन् तास गॅलरीत उभे राहायचे. सिनेमा बघायला नव्हे, गाड्या बघायला! पुढे क्रिकेटमध्ये स्वतःची कमाई सुरू झाल्यावर त्यानं पहिली गाडी घेतली, ती मारुती ८००.

मग आली ती गाडी, जिचं चित्र तुमच्यातल्या पुष्कळांच्या वहीवर असेल. फेरारी! २००२ साली सचिननं कसोटीत २९ वं शतक ठोकून डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली, म्हणून फियाट कंपनीनं त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. किल्ली कुणाच्या हातून? शर्यतींचा बादशहा मायकेल शूमाकर याच्या हातून. परदेशी गाडी देशात आणायची तर सरकारला मोठा कर भरावा लागतो. तो सचिनला माफ केला म्हणून केवढा गदारोळ उठला. शेवटी कर कंपनीनं भरला. ती फेरारी २०११ मध्ये सुरतेच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये एका मुलाखतीत सचिन काय म्हणाला असेल? माझी पहिली मारुती ८०० आता माझ्याकडे नाही, ती कुणाकडे असेल तर कळवा, मला ती परत हवी आहे! फेरारी नव्हे बरं का, मारुती.

मला यात काही नवल वाटलं नाही. फेरारी भेट मिळालेली होती. मारुती त्याच्या स्वतःच्या पैशाची होती.

मारुती ८०० वरून आठवलं. ही गाडी पहिल्यांदा विकली गेली ती १४ डिसेंबर १९८३ ला, दिल्लीत. सोडतीत नंबर लागलेले हरपाल सिंग यांना पंतप्रधान इंदिरा गांधींनी स्वतः किल्ली दिली. त्यासाठी हरपाल सिंगांनी आपली जुनी फियाट विकली होती. २०१० मध्ये ते वारले, तोवर तीच गाडी त्यांच्याकडे होती. सत्तावीस वर्षं एकच गाडी! नंतर ती दारात उभी राहून गंजली, आणि पुढे कंपनीनं दुरुस्त करून आपल्या मुख्य कार्यालयात मांडून ठेवली. तुमच्या आजोबांना विचारा, त्या काळी गाडी दुकानात जाऊन लगेच मिळत नसे. पैसे हातात असले तरी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. पुण्याजवळ आकुर्डीला होणाऱ्या बजाज स्कूटरचंही तेच. मुलगा जन्मला तेव्हा नाव नोंदवलं आणि शाळेत गेला तेव्हा स्कूटर आली, अशी घरं होती.

पण मला आज सांगायचं आहे ते आमच्या धुळ्याच्या मामांचं.

मामांचं धुळ्याला मोटारी बांधायचं दुकान आहे. मोटारी म्हणजे रस्त्यावरच्या नव्हेत, विहिरीवरच्या. पाणी उपसायची विजेची मोटार जळाली की तिची तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, त्याला आमच्याकडे 'मोटार बांधणं' म्हणतात. खान्देशात उन्हाळा आला की हे काम जोरात, कारण कपाशी नाहीतर केळी वाळायला लागलेली असते आणि शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसून असतो. मामांनी हजारो मोटारी बांधल्या. चारचाकी मोटार मात्र त्यांना कधी नको होती. त्यांना हवी होती येझदी.

ही येझदी काय भानगड आहे? ऐका. युरोपात तेव्हा चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश होता. तिथं १९२९ मध्ये यानेचेक नावाच्या गृहस्थांनी वाँडरर कंपनीच्या मदतीनं मोटारसायकल काढली. 'यानेचेक'मधलं 'जेए' आणि 'वाँडरर'मधलं 'डब्ल्यूए' घेतलं, झालं 'जावा'! तीच गाडी आपल्याकडे म्हैसूरच्या कारखान्यात बनू लागली. १९६१ मध्ये म्हैसूरचे महाराज जयचामराज वाडियार यांनी त्या कारखान्याचं उद्घाटन केलं. पुढे १९७३ पासून तिचं नाव झालं येझदी, आणि १९७८ ला आली येझदी रोडकिंग. अडीचशे सीसीचं इंजिन, सोळा अश्वशक्ती, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. आज बाराशे सीसीच्या गाड्यांचे फोटो बघणाऱ्यांना हे काहीच वाटणार नाही. पण १९७९ साली, जेव्हा गावात बहुतेक सगळे सायकलवर होते, तेव्हा ही म्हणजे तुमची फेरारीच!

मामा तेव्हा दहावीत होते. शाळेच्या वाटेवर रोज एक लाल रोडकिंग जायची. मामा सांगतात, गाडी दिसायच्या आधी आवाज यायचा, आणि आवाज गेल्यावरही तेलाचा वास रस्त्यावर राहायचा. त्या वासात ते दोन मिनिटं उभे राहायचे. मास्तरांकडून उशिराची छडी ठरलेली.

आता त्या आवाजाचं आणि वासाचं कारण. इंजिनाला चार कामं करावी लागतात. पेट्रोल आणि हवा आत ओढायची, दाबायची, ठिणगीनं पेटवायची आणि धूर बाहेर टाकायचा. हल्लीच्या गाड्यांत दट्ट्या दोनदा वर आणि दोनदा खाली जातो तेव्हा ही चार कामं होतात. म्हणून ते 'फोर-स्ट्रोक'. येझदीत दट्ट्या एकदा वर गेला आणि एकदा खाली आला की चारही उरकली! हे झालं 'टू-स्ट्रोक'. म्हणजे चाकाला ताकद दुप्पट वेळा मिळते, म्हणून गाडी कशी उसळी मारते. पण घाईचं काम ते. धूर बाहेर जाताना त्याच्याबरोबर थोडं न जळलेलं पेट्रोलही निसटतं. शिवाय इंजिनाला वंगण मिळावं म्हणून पेट्रोलातच तेल मिसळायचं असतं, तेही जळतं. तोच तो निळसर धूर आणि तोच वास. मामांना आवडायचा, हवेला नाही आवडायचा. धुराचे सरकारी नियम कडक होत गेले, कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्या आल्या, आणि १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

अजून एक गंमत. येझदीला किक आणि गिअर यांची दांडी एकच! ती आत दाबून वर फिरवली की झाली किक. गाडी चालू झाली की दांडी पुन्हा खाली घ्यायची, की झाला गिअर. नवा माणूस गाडीभोवती किक शोधत फिरतो आणि मामा गालात हसत उभे राहतात.

तर मामांनी येझदीसाठी पैसे साठवायला सुरुवात केली. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा जमले ते १९८७ मध्ये गेले. कशात, ते पुढे सांगते. दुसऱ्यांदा जमेपर्यंत कारखानाच बंद झाला, तेव्हा त्या पैशांतून शेतात बोअर मारलं. पाणी लागलं, एवढं तरी बरं. तिसऱ्यांदाचे पैसे माझ्या मामेभावाच्या इंजिनिअरिंगच्या फीला गेले. मामांनी या कशाचीच कधी तक्रार केली नाही. फक्त रस्त्यावरून जुनी येझदी गेली की हातातली तार तशीच धरून बसत. गिऱ्हाईक म्हणे, "मास्तर, मोटार बांधताय ना?"

मामेभाऊ आता पुण्याला नोकरीला आहे. तो म्हणाला, "बाबा, मी घेऊन देतो. नवी येझदी आली आहे." खरंच आली आहे. २०२२ च्या जानेवारीत त्याच नावाची नवी गाडी बाजारात आली. ती बनते पीथमपूरला, म्हणजे आपल्या आग्रा रोडनं शिरपूर, सेंधवा ओलांडून पुढे इंदूरकडे. बटण दाबलं की चालू. मामा दुकानात जाऊन बसून आले तिच्यावर. म्हणाले, "गाडी चांगली आहे रे. पण हिला मी ओळखत नाही." आणि मग अहिराणीत, "माले तीच लेनी से." मला तीच घ्यायची आहे.

खरं सांगू? भाऊ बरोबर बोलत होता. नव्या गाडीचे ब्रेक कितीतरी चांगले, धूर कमी. रोज कामावर जायचं असेल तर कुणीही नवीच घ्यावी. पण मामांना कुठं कामावर जायचं होतं? दुकान घरापासून चार पावलांवर!

शोध सुरू झाला. २०२४ च्या दिवाळीनंतर एरंडोल तालुक्यातल्या एका खळ्यात गाडी सापडली. १९८५ ची. अंगावर कडब्याच्या पेंढ्या, टाकीवर कोंबडी बसलेली, टायरची माती झालेली. लाल रंग कुठंतरी नखाएवढा शिल्लक. मामांनी तो नखाएवढा तुकडा रुमालानं पुसला आणि तिथंच हो म्हणून टाकलं. किती पैसे दिले? ते मात्र विचारू नका. मामींना त्यांनी एक आकडा सांगितला आहे, माझ्या आईला दुसरा.

आता हा भाग घरातल्या मोठ्यांनी वाचायचा. जुनी गाडी घेताना मन हरखलेलं असतं आणि कागद बघायचे राहतात. मामांनी ते बघितले, कारण मोटारींवरचे नंबर बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. सांगाड्यावर आणि इंजिनावर जो नंबर कोरलेला असतो, तो आरसी बुकातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. गंजामुळे दिसत नसेल तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, ठसा उठतो. (मुलांनो, तुम्ही नाण्याचा उठवता ना, तस्साच!) इथं नंबर जुळला, पण पुस्तकावर नाव विकणाऱ्याच्या वारलेल्या वडिलांचं. मग आधी गाडी वारसाच्या नावावर करायची आणि मगच मामांच्या. शिवाय पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची तपासणी करून नोंदणी पुढे वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, विमा काढावा लागतो. यात दोन महिने गेले. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि वेगळा नंबर मिळू लागला आहे, पण ती गाडी रोज फिरवता येत नाही. मामांची गाडी तेवढी म्हातारी नाही. मामा म्हणतात, "ती व्हिंटेज होईल तेव्हा मी बहात्तरचा असेन. दोघंही एकदमच होऊ."

दुरुस्ती मामांनी स्वतः केली. विजेची सगळी तार नवी ओढली, ते तर त्यांच्या हातचं काम. टाकीतला गंज काढायला टाकीत बारीक खडी आणि रॉकेल घालून ती तासन् तास हलवत बसायची. या कामाला शेजारची पोरं पाळीपाळीनं बसली, पगार एक एक कुल्फी. इंजिनासाठी मात्र जळगावचे एक जुने मिस्त्री यायचे. ते बोलायचे नाहीत, नुसते कान लावून ऐकायचे. एकदा डोळे मिटून म्हणाले, "अजून खोकते आहे." पुन्हा सगळं उघडलं! मार्चच्या शेवटी गाडी लाल होऊन उभी राहिली. पेट्रोलात तेल मिसळायला मामा खोकल्याच्या औषधाचं माप वापरतात.

आणि मग आली आखाजी. खान्देशाबाहेरच्या दोस्तांना सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि तो आमचा दिवाळीएवढा सण. घागर भरतात, झाडाला झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, आमरसाबरोबर खापरावरची पुरणपोळी होते. सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात, आणि त्यांना न्यायला माहेराहून जो जातो तो मुऱ्हाळी. पूर्वी मुऱ्हाळी बैलगाडी घेऊन यायचा. मग एसटीनं येऊ लागला. आता नुसता फोन येतो.

२०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. २९ तारखेला सकाळी सहा वाजता पारोळ्याला आमच्या दारात आवाज झाला. मी चहा गाळत होते. आई आतून म्हणाली, "भाऊ आला." तिनं गाडी बघितलीही नव्हती!

मामा हेल्मेट काढून अंगणात उभे, बासष्टीचा मुऱ्हाळी. आईला म्हणाले, "चल, बस मांगे." आई अठ्ठावन्न वर्षांची, गुडघे दुखणारी. धुळं छत्तीस किलोमीटर. मी म्हटलं, मामा, गाडी तिथं पोचली म्हणजे मिळवलं, आई माझ्या स्कुटीवर येईल. दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही. मी निदान माझं हेल्मेट आईच्या डोक्यावर चढवलं, शेजारणीचं मागून मी घातलं, आणि त्यांच्या मागं निघाले. आई एका बाजूला पाय करून बसलेली, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा, पदर कमरेला घट्ट खोचलेला. मला पुढचं सगळं निळं निळं दिसत होतं, धुरामुळे.

ऊन चढायच्या आत पोचायचं होतं. मुकटी गेलं आणि गाडी दोनदा अडखळून गप्प झाली. मामांच्या चेहऱ्यावर जराही काळजी नाही. कडुनिंबाच्या सावलीला गाडी घेतली, प्लग काढला. काळाकुट्ट! टू-स्ट्रोकला हे नेहमीचंच. तेलाची काजळी प्लगच्या टोकावर बसते आणि ठिणगी पडत नाही. मामांनी खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि दगडावर बसून प्लग घासू लागले. आई शेजारी बसली. ट्रक जात होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "भाऊ, मन्या लगीनमा गयात त्या पैसा ह्याच गाडीना ना?"

माझ्या लग्नात गेले ते पैसे याच गाडीचे ना? आईबाबांचं लग्न १९८७ चं. आमच्या घरातली पितळी घागर, तांब्याचा बंब, ज्यातलं पाणी अंगावर घेऊन मी लहानाची मोठी झाले ती सगळी भांडी म्हणजे एक येझदी होती, हे मला त्या दिवशी, त्या झाडाखाली कळलं.

मामा प्लग घासतच होते. "तुले कोनी सांगं?"

"मायनी." आईनं. म्हणजे आजीनं.

"कव्हय?"

"तव्हयच." तेव्हाच! म्हणजे अडतीस वर्षं आईला माहीत होतं. तेवढी सगळी वर्षं ती रस्त्यावरून येझदी गेली की मान वळवून बघत असणार, आणि आम्हाला वाटायचं, हिला फटफटीचा एवढा काय राग!

मामा काही बोलले नाहीत. प्लगचं टोक उन्हात धरून बघितलं, फुंकर मारली, बसवला. दांडी वर घेतली. पहिली किक, दुसरी, तिसरी. चौथीला आई म्हणाली, "थांब, सांजोरी खा आधी." त्यांनी उभ्या उभ्या एक खाल्ली. सहाव्या किकला गाडी चालू झाली आणि सगळा कडुनिंब धुरात गेला.

धुळ्याला पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. मामी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्याच होत्या. नणंदेवरून तुकडा ओवाळून टाकला, मग जरा थांबून गाडीवरूनही टाकला. आई आत येऊन पंख्याखाली बसली, तोच मामी पाणी देता देता हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्हाला किती सांगितले हो त्यांनी गाडीचे?"

आईनं तांब्या तोंडाला लावला, सगळं पाणी संपवलं आणि तिसराच आकडा सांगितला.